जागा बघून उजळणारे आमचे साडू

आमच्या साडूंनी आजवरची सगळी हयात एकाच गोष्टीच्या संशोधनात घातली आहे, आणि ती गोष्ट म्हणजे गप्प कसं बसायचं. हे मी कुचेष्टेनं बोलत नाही. मुंबईतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत त्यांना त्याचाच पगार मिळतो. एमआरआयच्या यंत्रात घालण्याआधी काही पेशंटांना शिरेतून एक इंजेक्शन देतात आणि त्यानं आतली चित्रं उजळ येतात, हे आता जव्हारच्या चहाच्या टपरीवरही सगळ्यांना ठाऊक आहे, कारण टपरीवर ते मीच सांगितलेलं आहे. तर हे नेहमीचं इंजेक्शन रक्ताबरोबर जिथं जिथं पोहोचेल तिथं तिथं उजळतं. साडूंचं म्हणणं असं की, याला काय अर्थ आहे? औषधानं अंगभर खुशाल फिरावं, पण तोंड उघडू नये. जिथं जस्त भेटेल तिथंच उजळावं आणि बाकी सगळीकडं अंधारात बसून राहावं. शरीरात जस्ताच्या जागा ठरलेल्या असतात, काही आजारांत त्या बदलतात, म्हणून असं शहाणं औषध निघालं तर आजार लवकर सापडेल. मला एवढं समजावायला त्यांना एक अख्खी मे महिन्याची सुट्टी लागली, आणि त्या सुट्टीत ते एकंदर तेवढंच बोलले.

मी त्यांचा थोरला साडू. म्हणजे सूर्यमाळच्या आमच्या सासऱ्यांची थोरली मुलगी माझ्या घरात आणि धाकटी त्यांच्या. मी जव्हारला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. शिकवतो म्हणजे बोलतो. माझा आवाज मैदानापलीकडच्या दुकानांपर्यंत पोहोचतो असं दुकानदार सांगतात. काय बोललो ते मात्र पहिल्या बाकापर्यंतही पोहोचत नाही, असं निकाल सांगतो. साखरपुडा असो, दहावं असो की ग्रामसभा, माईक मोकळा दिसला की माझे पाय आपोआप तिकडं वळतात. साडूंना मी एकदा थट्टेनं विचारलं, तुमच्या त्या एमआरआयच्या भाषेत मी कोण हो? ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले आणि मग अतिशय आदरानं म्हणाले, "दादा, तुम्ही बॅकग्राउंड." मला वाटलं, फार मोठा मान दिला. पुढं महिनाभर मी हे लोकांना सांगत हिंडलो. शेवटी त्यांनाच राहवेना तेव्हा त्यांनी खुलासा केला, की ज्या सगळीकडच्या उजेडामुळं खरी बघायची गोष्ट दिसेनाशी होते, त्याला त्यांच्यात बॅकग्राउंड म्हणतात.

साडू मूळचे जामसरचे. पावसावर भात पिकवणारं घर, मग आश्रमशाळा, मग जव्हार, मग मुंबई. त्यांची आई सांगते, हा जन्मला तेव्हा रडलाच नाही. सुईणीनं उलटा धरून फटका मारला तेव्हा आधी डोळे उघडून इकडंतिकडं बघितलं आणि कारण पटल्यावर मग रडला. मुलगी बघायला ते सूर्यमाळला आले तेव्हा मी मध्यस्थ होतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी मीच बोलत होतो. चहा झाला, नाचणीचे पापड झाले, सगळ्यांच्या नजरा यांच्यावर खिळल्या. पसंती विचारली तर म्हणाले, "सुरुवातीची निरीक्षणं चांगली आहेत." सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी "म्हणजे हो" असं जाहीर करून टाकलं. आत चुलीपाशी मेहुणी मात्र हसत सुटली, आणि तिचं तिथंच ठरलं म्हणे. संसार पुढं छान झाला. पण एवढी वर्षं झाली तरी निष्कर्ष हा शब्द त्यांनी अजून तोंडातून काढलेला नाही, अशी मेहुणीची गोड तक्रार आहे.

त्यांच्या सगळ्या तऱ्हांत वरचढ तऱ्हा म्हणजे आमच्या दाराची बेल. साडू कधीही आले की आल्या आल्या बेल दाबत नाहीत. दारात थोडा वेळ नुसते उभे राहतात. बेल न दाबताच दार उघडत नाही ना, हे त्यांना आधी बघायचं असतं. त्यांच्या कामात याला फार महत्त्व आहे. जस्त भेटल्यावर औषध उजळतं हे दाखवायचं, तर त्याआधी जस्त नसताना ते उजळत नाही हे दाखवावं लागतं. नाहीतर ते जस्ताला उजळलं की उगाचच उजळलं, हे कळणार कसं? एकदा भर पावसात ते असे दारात उभे असताना माझ्या बायकोनं त्यांना खिडकीतून बघितलं आणि धावत जाऊन दार उघडलं. साडू हिरमुसले. म्हणाले, "ताई, आता काहीच सांगता येणार नाही." आणि भिजत परत फाटकापर्यंत जाऊन त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं. माझं तर काय विचारता. त्यांच्या मोटरसायकलचा आवाज कोपऱ्यावर आला की मी दार सताड उघडून "या, या, या" करत उभा. मला दम धरवत नाही. बिचाऱ्यांनी आमची बेल किती तरी वर्षं नीट वाजवलेलीच नव्हती.

सूर्यमाळला जेवायला बसले की वेगळा खेळ. सासूबाई कौतुकानं विचारायच्या, भाजी कशी झाली? तर हे विचारणार, यातली मीठ न घातलेली थोडी आहे का? म्हणजे तुलना करता येईल. पहिल्या वेळी सासूबाई रात्रभर रुसून होत्या. पुढं त्याही सरावल्या. आता त्या घरात भाजीला मीठ टाकण्याआधी वाटीभर आळणी भाजी बाजूला निघते आणि तिला 'धाकल्या जावयाचा वाटा' असं नाव आहे. हा वाटा साडू मन लावून खातात आणि मग खऱ्या भाजीला 'फरक जाणवतो' अशी पावती देतात. याच्या वरची पावती त्यांच्याकडं नाही. मी मात्र पहिल्या घासालाच वा वा सुरू करतो, त्यामुळं माझ्या वा वा कडं कुणी लक्ष देत नाही.

एकदा आम्ही दोघं शिरपामाळावर, म्हणजे महाराज जिथं थांबले होते म्हणतात त्या माळावर, बसलो होतो. पर्यटकांची एक गाडी आली. महाराजांचा मुक्काम कसा पडला असेल, घोडे कुठं बांधले असतील, याचं साग्रसंगीत वर्णन मी त्यांना न विचारताच सुरू केलं. घोड्यांचे रंगसुद्धा सांगितले. त्यातल्या एका बाईंनी मला चुकवून साडूंना विचारलं, की इथून दरी सगळ्यात चांगली कुठून दिसते? साडू विचारात पडले. ते विचार करत राहिले, मी घोडे संपवून हत्तींवर आलो, मंडळी कंटाळून गाडीत बसली, गाडी हलली, आणि मग साडू एकदम उठून गाडीमागं पळत सुटले. गाडी थांबवून त्यांनी त्या बाईंना जागा सांगितली. आम्हीही मागोमाग गेलो. माझं आयुष्य या डोंगरात गेलं, पण दरी इतकी चांगली दिसते हे मला तोवर माहीत नव्हतं.

आता ते औषध. त्यात गॅडोलिनियम नावाचा एक धातू असतो. सगळी किमया त्याचीच. शेजारच्या पाण्याला तो नुसता लागला तरी चित्र उजळतं. पण मोकळा सुटला तर तो विषारी, म्हणून त्याला चहूबाजूंनी गच्च पकडून ठेवणारा एक सापळा रसायनाचाच करावा लागतो. हे मला कळलं ते पावसाळ्यात सूर्यमाळला खेकड्याचा रस्सा असताना. साडूंनी ताटातला खेकडा उचलला, एका नांगीत चिंचोका अडकवला आणि जेवण सोडून त्याच्याकडं बघत बसले. ही नांगी धातूला धरते, म्हणाले. ही नेहमीच्या औषधातही असते. माझ्या औषधात दुसरी नांगी आहे, ती धातूच्या तोंडावर आडवी धरलेली, म्हणजे पाणी त्याला लागूच नये. जस्त आलं की ही दुसरी नांगी जस्ताला पकडायला जाते, धातूचं तोंड मोकळं होतं, पाणी लागतं आणि उजळतं. कल्पना बघा किती देखणी. फक्त खेकडा ऐकत नव्हता. कधी दुसरी नांगी मुळातच सैल राहायची आणि औषध उगाचच उजळायचं. कधी इतकी घट्ट बसायची की जस्त दारात येऊन परत जायचं. आणि एकदा सगळं जमलं, तर ते जस्ताला सोडून तांब्याच्या गळ्यात पडलं. त्या दिवाळीला साडू असा चेहरा करून आले होते, जणू घरचा मुलगा ठरलेली मुलगी सोडून भलत्याच मांडवात जाऊन बसलाय. मी त्यांना धीर द्यायला बराच वेळ बोललो. मी थांबल्यावर त्यांना बरं वाटलं.

आणि नेमकी हीच वर्षं होती, जेव्हा मी जव्हारपासून मोखाड्यापर्यंत सांगत सुटलो होतो, की आमच्या साडूंनी मशीनचं औषध काढलं. साडू दर खेपेला मला दुरुस्त करायचे. औषध नाही दादा, त्यानं काही बरं होत नाही, ते नुसतं दाखवतं. आणि काढलं नाही, काढतोय. पण एवढं लांबलचक सांगून टपरीवर कोण ऐकणार? आमच्या सूर्यमाळच्या पाड्यावर तर सासऱ्यांनी ही बातमी देवळात नारळ फोडून पक्की केली होती. सासरे म्हणजे नाचणी आणि वरई पिकवणारा डोंगरातला काटक माणूस. कमरेला आकडी आणि आकडीत कोयता. आपण रुमाल घेतो तसा ते कोयता घेऊन घराबाहेर पडायचे. थोरल्या जावयाचा त्यांना लोभ, आणि धाकट्याचा अभिमान. हा फरक मला समजायचा आणि चालायचाही.

एका उन्हाळ्यात त्यांचं डोकं दुखायला लागलं. मग उजव्या हाताला मुंग्या. मग एके दिवशी करवंदीची जाळी तोडताना त्यांच्या हातातून कोयता गळून पडला, आणि उचलायला गेले तर बोटं मिटेनात. त्यांना नाशिकला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोक्यात गाठ असावी, एमआरआय करायला हवा, इंजेक्शन देऊन, आणि उशीर नको, नाहीतर हात जाईल आणि नुसता हातच जाईल असं नाही. सासऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ते आवशीद आमच्या जावयाचंच ना? डॉक्टर गोंधळले. नाही म्हणाले. सासरे उठले आणि बाहेर जाऊन जीपमध्ये बसले. घरात आवशीद करणारा जावई असताना परक्याचं आवशीद शिरेत कशाला घ्यायचं, जावयाला काय वाटेल, हा त्यांचा सवाल. जावयाचं तयार झालं की घेईन, तवर डोकं दुखू दे.

ते तयार व्हायला अजून किती काळ लागेल, हे मी साडूंना फोनवर विचारलं. माणसाला देण्याजोगं व्हायचं असेल तर वीसेक वर्षं, तेही झालं तर, असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी साडू सुट्टी टाकून सूर्यमाळला हजर. पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन खालच्या झऱ्यावर गेलेल्या, विहिरीनं केव्हाच तळ गाठलेला, अंगणात ऊन मी म्हणत होतं. सासरे ओट्यावर उजवा हात मांडीवर ठेवून बसलेले. मी साडूंना बाजूला घेतलं आणि म्हणालो, अहो, सोपं आहे. सांगा की हे तुमचंच आहे. त्यांना काय कळतंय? हात वाचेल त्यांचा. साडूंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना भाजीत माती घालायला सांगतोय. म्हणाले, ते माझं नाही. बास. मी समजावलं, विनवलं, रागावलो, मेहुणीला मध्ये घातलं. साडू गप्प. संध्याकाळपर्यंत गप्प. रात्री जेवतानाही गप्प, आळणी भाजीसुद्धा पुढं ढकलून दिली. मेहुणी मला हळूच म्हणाली, "दाजी, एवढे गप्प ते लग्नातही नव्हते." तेव्हा मला कळलं, की हा माणूस आतून पार पिळवटून निघालाय.

सकाळी ते सासऱ्यांसमोर जाऊन बसले. हातात चिंचोका.

"बाबा, ते इंजेक्शन माझं नाही," ते म्हणाले. "माझं अजून गप्प बसायलाच शिकतंय. उंदरालाही दिलेलं नाही."

"मंग मी जात नाय," सासरे म्हणाले.

मी तोंड उघडलं होतं, पण बायकोनं मागून सदरा ओढला. साडूंनी डाव्या मुठीत चिंचोका धरला. खेकडा नांगीत धरतो तसं हे धरतं, म्हणाले. त्या नाशिकच्या इंजेक्शनातही हाच धातू आहे आणि पकडही अशीच. मी माझं केलं ते त्याच्यावरूनच. ते आधी झालं, माझं मागनं. मग म्हणाले, "बाबा, ते माझ्या औषधाचं थोरलं भावंड आहे. फरक एवढाच, की ते जाईल तिथं उजळतं, जागा बघत नाही. माझं जागा बघून उजळावं, अशी खटपट आहे."

सासरे कितीतरी वेळ त्या मुठीकडं बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं, पुन्हा साडूंकडं बघितलं.

"म्हंजी थोरला बोलका न् धाकला मुका," ते म्हणाले. "आमच्या जावयांवानी."

"हो," साडू म्हणाले. एवढ्या लगेच दिलेलं उत्तर मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं.

"मंग आधी नाय सांगायचं? थोरला बिनलग्नाचा उभा आसताना धाकल्याला कोन बाशिंग बांधतं? थोरल्याचं होऊ दे आधी. चला."

आणि स्वतःच उठून जीपकडं चालायला लागले. आमच्या डोंगरात हा रिवाज किती पक्का आहे ते मला काय ठाऊक नव्हतं? थोरल्याच्या आधी धाकट्याचं लग्न निघालं म्हणून रुसलेली घरं माझ्या ओळखीची आहेत. पण त्या रिवाजाचा इथं उपयोग होईल हे मला सुचलं नाही, आणि गंमत म्हणजे साडूंनाही सुचलं नव्हतं. ते नुसतं खरं बोलले होते, जेवढं होतं तेवढंच, आणि खऱ्याच्या शेजारी सासऱ्यांनी आपला रिवाज आणून ठेवला. मी मात्र वाटेत मोखाड्याला जीप थांबली तेव्हा चहावाल्याला सांगितलं, की ही युक्ती आम्हा दोघांची.

नाशिकला साडूंचं एक नवंच रूप दिसलं. मूत्रपिंडं नीट चालतात ना, याची रक्ताची तपासणी झाल्याशिवाय इंजेक्शन नको, हे त्यांनी डॉक्टरांना विचारून पक्कं केलं; ती तपासणी झालेलीच होती. सासऱ्यांच्या कानातली बाळी काढली, कमरेचा चांदीचा करदोडा काढला. सासरे कपडे बदलायला निघाले, तोच साडू एकदम ओरडले, "कोयता!" जन्मात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज भिंतीवर आपटलेला ऐकला. सवयीनं सासरे आकडी बांधूनच आले होते, वर चादर पांघरलेली, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या यंत्रात भलामोठा लोहचुंबक असतो, लोखंड आत गेलं की ते गोळीसारखं खेचलं जातं. चुंबकाची खोली अजून दोन दारं पलीकडं होती, पण साडू सासऱ्यांना आडवे उभे राहिले. त्यांनी आकडी सोडून कोयता माझ्याकडं दिला, आणि पुढचा सगळा वेळ मी त्या चकचकीत दवाखान्यात कोयता कुशीत घेऊन बसलो. माझ्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. माझ्या आयुष्यात एवढा वेळ माझ्याशी कुणी बोललं नाही, असा हा एकच प्रसंग.

दार बंद झालं आणि आतून यंत्राचा आवाज यायला लागला. ठणठण, घरघर, पुन्हा ठणठण. आवाज बाहेर एवढा, तर आत किती असेल. साडू भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, म्हातारा घाबरून उठून येणार. पण सासरे आले ते अगदी निवांत. डोळे किलकिले करत त्यांनी मला शोधलं आणि म्हणाले, "लई बडबड्या हाय तुमचा थोरला. शिरत गेला तवापासून नुसता ठणाणा."

तो आवाज यंत्राचा होता, औषधाचा नव्हे, हे सांगायला मी तोंड उघडणार, एवढ्यात ते पुढं म्हणाले, "पन बरा वाटला. आत काळोख, हलायचं नाय. भ्याव वाटलं आसतं. मी म्हनलं, थोरलं जावाय बाजूला बसून बोलताय. मंग काय नाय वाटलं."

मी कोयता परत दिला.

थोरल्यानं आपलं काम चोख केलं. गाठ मेंदूच्या बाहेरच्या आवरणावर होती, चित्रात ती चांदणीसारखी उजळलेली, कडा स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, निघेल, आणि निघाली. पुढच्या नाचणीच्या कापणीला सासऱ्यांच्या हातात विळा होता, जरा सैल, पण होता. त्या दिवसापासून साडू सूर्यमाळला गेले की सासऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: धाकल्याचं कुठवर आलं? आणि साडू खरं ते सांगणार. अजून तांब्याला भुलतो. पुढच्या खेपेला, आता तांब्याला भुलत नाही, पण जस्तालाही ओळखत नाही. सासरे मान हलवायचे, म्हणायचे, वयात आला की कळंल. मुलीकडच्या पाहुण्यांबद्दल बोलावं तितक्या गंभीरपणे हे बोलणं व्हायचं. मी एकदा मध्येच म्हणालो, की असल्या गोष्टींना वेळ लागतो. दोघांनी माझ्याकडं बघितलं आणि पुढं बोलू लागले.

यंदा पावसाळा सरता सरता मी वर्गावर होतो. फोन वाजला, साडूंचा. ते फोन करत नाहीत, त्यामुळं मी खडू टाकून बाहेर पळालो. पलीकडं शांतता. मी हॅलो हॅलो केलं. शेवटी आवाज आला. "दादा, उजळलं." मग सावकाश, एकेक शब्द तोलत त्यांनी सांगितलं. उंदराला साखरपाणी दिलं. साखर दिली की त्याच्या स्वादुपिंडातून जस्त सुटतं. जिथं सुटतं तिथं उजळलं. साखर न दिलेला उंदीर चित्रात काळाच राहिला. "आणि दादा, बाकी सगळा अंधार," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. मला सांगायला हजार गोष्टी होत्या. अभिनंदन होतं, इतक्या वर्षांचं कौतुक होतं, टपरीवरची सभा होती. पण त्यातली एकही न सांगता मी व्हरांड्यात खांबाला धरून नुसता उभा राहिलो. दोघंही फोन कानाला लावून गप्प. वर्गातली मुलं सांगतात, सर एवढा वेळ गप्प उभे म्हणजे कुणीतरी गेलं असणार असं त्यांना वाटलं.

सूर्यमाळला रेंज नाही. कॉलेज सुटताच मी मोटरसायकल काढली आणि मोखाड्यावरून वर गेलो. सासरे आता थकलेत. ओट्यावर बसून होते. मी सांगितलं, धाकटा बोलला. जागा बघून बोलला. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले. मग विचारलं, लगीन कधी? मी म्हणालो, बाबा, लग्नाला अजून पुष्कळ वर्षं. आता नुसतं जमलंय. म्हणाले, मंग सुपारी तरी फोडू. आत जाऊन त्यांनी पानाचा डबा आणला, सुपारी अडकित्त्यात धरली. ज्या हातातून कोयता गळून पडला होता त्याच हातानं. थरथरत होता हात, पण सुपारी फुटली. अर्धी त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकली, अर्धी माझ्या तळहातावर ठेवली.

"धाकल्या जावयाला द्या," ते म्हणाले. "लग्नाला मी आसन नसन. थोरल्यानं वरातीत म्होरं नाचायचं आसतं, तेवढं ध्यान ठेवा." मी हो म्हणालो.

काल दुपारी साडू जव्हारला आले. कोपऱ्यावर मोटरसायकल ओळखू आली, फाटक वाजलं, पायऱ्यांवर पावलं आली आणि थांबली. मी कधीचा दाराशी जाऊन उभा होतो, मुठीत ती अर्धी सुपारी. हात कडीकडं गेलाही होता. मग मी तो मागं घेतला. दाराच्या त्या बाजूला ते गप्प उभे, या बाजूला मी. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. माझाही त्यांना येत असणार. बायको स्वयंपाकघरातून काय चाललंय म्हणून डोकावली, तिला मी तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि दार काही केल्या आपोआप उघडत नव्हतं.

मग बेल वाजली.